गाण्यानंतरचं बोलणं

शेजारच्या आजींची आई जुन्या काळी वाद्यवृंदासोबत गायली होती. आजींनी जपलेल्या त्या गाण्याच्या ग्रामोफोन तबकडीवर मात्र नाव फक्त वाद्यवृंदाचं होतं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी ते गाणं फ्रीगंज बाजारातल्या एका दुकानात कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. परतताना ई-रिक्षात तबकडी फुटली. गाणं तरी वाचलं, असं मी मनाला समजावलं.

प्रोजेक्ट झाल्यावर आजींना ते मोबाइलवर ऐकवलं. गाणं संपलं तरी त्यांनी हात वर धरून ठेवला. "थांब बेटा, आता आई नाव सांगेल."

त्या काळी काही गायिका तबकडीवर गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव बोलत. मला ते ठाऊक नव्हतं. ते बोलणं फालतू समजून मीच कापायला लावलं होतं, आणि दुकानात मूळ फाइलही ठेवलेली नव्हती.

मी चाचरत कबूल केलं. त्यांचा मुलगा हसला. "तुला नंबर तर चांगले मिळाले ना?"

मिळाले होते. मी हो म्हटलं. आजींचा हात अजून वरच होता.