दोर कुणी धरला होता?

मंडळी, आज सकाळी क्लाइंबिंगच्या भिंतीवर आमच्या नव्वदीच्या आजोबांनी माझा माज उतरवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भिंतीवरच्या प्रत्येक वाटेला अवघडपणाचा नंबर असतो. दोर स्वतः अडकवत वर जायचं, त्याला लीड म्हणतात. पहिल्याच प्रयत्नात न पडता पोचलात तर मान वेगळाच. आज मी सिक्स-बी असा मारला!

खाली उतरून छाती फुगवून आजोबांना सांगितलं. हा माणूस १९५५च्या सुमारास कमरेला काथ्याचा दोर बांधून मावळातल्या कड्यांवरची मोहोळं काढायचा.

"खाली दोर कुणी धरला व्हता?" त्यांनी विचारलं.

"सागरनं. बायकोच्या भावानं."

"मग त्यात काय इशेष न्हाई. आमी बी बायकोच्या भावाच्याच हातात दोर द्यायचो. बहिणीच्या कुंकवाचा सवाल हाय, त्यो कशाला सोडतोय? तसं कुणीबी चढंल."

"मग खरा गडी कोण?"

"ज्याचा दोर भाऊबंदानं धरलाय, त्यो."

सागर हसून हसून खाली बसला.

आता आमचं रहाटणीच्या जमिनीवरून वाजलंय. चुलतभाऊ संतोष आणि मी तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाही. पण आजोबांचं मनाला लागलं. मघाशी त्याला मेसेज टाकला, "रविवारी भिंतीवर माझा दोर धरशील का?"

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, "आनंदाने."

मंडळी, खरं सांगा. जाऊ का?