कफगिराएवढा जावई

"हे पाह्य गुलनार, दाणा पाह्य! नखाच्या बाहीर निंगून राह्यला लेकाचा. असा तांदूळ अख्ख्या मेहकरात कोणाच्या देगीत पडला नसन."

फकीर मोहम्मद बावर्चीनं अंगठ्याच्या नखावर एक दाणा ठेवून बायकोच्या नाकापुढं धरला होता.

"पाह्यला," गुलनार कांदा चिरता चिरता म्हणाली. "मूठभर शिजवून पाह्यला का?"

"लांबी डोळ्यानं दिसून राह्यली, तं शिजवून काय पाहाचं?"

"नवीन पोतं आलं का पाह्यता नं दरवेळी."

"दरवेळी असा दाणा नसते. आज पावण्याईले दाखवाचं हाये, लांब कशाले म्हंतात ते."

"पोराले काही टोचून बोलू नोका बाप्पा."

"म्या काऊन बोलू? माहा भात बोलन."

पावणा म्हणजे अनस. जळगाव जामोदचा. पार पूर्वेकडं, धानाच्या मुलुखात, एका भात संशोधन केंद्रावर तो कामाला आहे, अन् फकीरभाईची एकुलती एक लेक महनूर तिथंच सुवासिक तांदळाचा अभ्यास करते. दोघांचं जमलं. महनूरनं घरी सांगूनही टाकलं. फकीरभाईनं पोराची नोकरी विचारली, खानदान विचारलं, नमाज विचारली. सगळं पसंत पडलं. मग त्यानं उंची विचारली, अन् सोयरीक तिथंच अडून बसली.

उंचीचं हे दुखणं जुनं होतं. फकीरभाईच्या हातच्या पुलावासाठी मेहकरापासून बीबी गावापर्यंत लोक लग्नाच्या तारखा मागं-पुढं करतात. पण हा बावर्ची पुलावाच्या मोठ्या हंड्याजवळ, देगीजवळ, उभा राहिला तर त्याला आतला भात दिसत नाही. तेलाचा रिकामा पिपा पालथा घालायचा, त्यावर चढायचं, अन् मग भात हलवायचा. कुठल्याही मांडवात जा, कोणी ना कोणी म्हणणारच, "चाचा, सांभाळून, तुमचाच पुलाव होईन!" फकीरभाई हसायचा. घरी आला की हसायचा नाही.

म्हणून त्यानं बायको पाहून-सवरून उंच केली. गुलनार रांगेत उभी राहिली तर मागच्या बाईला पुढचं काही दिसत नाही. अन् एवढं करून लेक झाली ती बापाच्या मापाची. आता निदान नातवंडं तरी देगीत खाली मान करून पाहतील, एवढीच त्या माणसाची हौस उरली होती.

देगीतला भात हलवायचा लांब दांड्याचा लोखंडी झारा असतो, त्याला कफगीर म्हणतात. फकीरभाईचा कफगीर घराच्या चौकटीला टेकून उभा असे. महनूरसाठी जो कोणी पाहायला येई तो त्याच्या बाजूनंच आत येई. ज्याचं डोकं कफगिराच्या वर गेलं त्याची चौकशी पुढं चाले. ज्याचं खाली राहिलं त्याला पोटभर जेवू घालून, "कळवतो," म्हणून वाटेला लावत. स्वतः फकीरभाई कफगिराजवळ उभा राहिला तर वीतभर लोखंड त्याच्या डोक्यावरून दिसे. पण तो माप घेणारा होता, द्यायची पाळी त्याच्यावर नव्हती.

महनूरला हे माहीत होतं. मागच्या सुट्टीत ती तिकडच्या चिन्नोर तांदळाची पोटली घेऊन आली, तेव्हा बापानं ती उघडली अन् तोंड वाकडं केलं.

"हे काय व? एवढुसा दाणा! चिमण्याईले टाक."

"अब्बा, वास तं घ्या."

"वास बासमतीले असते. लांबी तिले, वास तिले. खानदान म्हंतात त्याले."

महनूर हसली. "बासमतीचं खानदान सांगू? दाण्याले आखूड ठेवणारं एक जनुक असते. ते बिघडलं म्हणून दाणा लांब झाला. वासाचंही तेच. एक जनुक निकामी झालं, म्हणून वास आला."

"म्हंजे बासमती बिघडलेली हाये?"

"दोन जागी."

फकीरभाईला हे आपल्या मरहूम अब्बांबद्दल कोणी बोलावं तसं लागलं. पण लेक थांबली नाही. म्हणाली, "अन् कच्चा दाणा लांब हाये म्हणून शिजल्यावर अजून लांबन, असं काही नाई. ते काम दुसऱ्याचं. त्यातल्या पिठाचं, वेगळ्या जनुकाचं. अन् दाण्याच्या लांबीचं कसं हाये, आई-बाप दोघांकडून आली तरच दिसते. एकाकडूनच आली तं आत लपून राह्यते, अन् पुढच्या पिढीत निंगते."

"लपून राह्यते," फकीरभाई म्हणाला. "म्हंजे दिसत नाई. म्हंजे नाई." अन् त्यानं पोटली फळीवर फेकून दिली.

शेवटी गुलनारनं हट्ट धरला, पोराचं एकदा तोंड तरी पाहा. फकीरभाई हो म्हणाला तो मनात ठरवूनच. बाजारातला तांदूळवाला भगवानराव नवी पोती दाखवत होता, त्यातला सगळ्यात लांब तांदूळ फकीरभाईनं उचलला. त्याचा बेत साधा होता. पोराच्या ताटात लांब भात वाढायचा, समोर चौकटीला कफगीर, पोरानं आपलं आपण समजून घ्यायचं.

पाहुणे आले. अनसची आई झेबा मागच्या दारानं बायकांच्या खोलीत गेली. अनस पुढच्या दारानं आला, सलाम केला. अंगणात चुलीशी उभ्या फकीरभाईनं डोळ्याच्या कोपऱ्यातून माप घेतलं. कफगिराचं टोक पोराच्या डोक्यावरून स्वच्छ दिसत होतं. फकीरभाईला बरंच बरं वाटलं. इतक्या अदबीनं तो कुठल्याच पाहुण्याला "बसा बसा" म्हणाला नव्हता.

मग त्यानं पिप्यावर चढून देगीचं झाकण उचललं.

वाफ आली, पण तिला वास नव्हता. फकीरभाईनं कफगीर मागवला, आत घातला, अन् वर आला तो गिचका. दाणे फुगले होते, फुटले होते, एकमेकांच्या गळ्यात पडले होते. ज्या माणसाच्या देगीतून आजवर प्रत्येक शीत सुटं निघालं, त्याच्या कफगिराला भात आजाऱ्याच्या पेजेसारखा चिकटला.

महनूर पळत आली. तिनं एक शीत बोटांत दाबून पाहिलं.

"अब्बा, वाढला तं हाये. पण आडवा."

"चूप बस!" फकीरभाई पिप्यावरूनच खेकसला, पण दबक्या आवाजात. "आत त्याची माय बसेल हाये. बावर्चीच्या घरी भात गिचला म्हणून जळगाव जामोदच काय, साऱ्या सातपुड्याले सांगन."

गुलनारनं देगीत डोकावून पाहिलं. तिला पिप्याची गरज नव्हती. मीठ-मसाला अजून पडला नव्हता हे तिनं हेरलं अन् भिंतीवरून शेजारच्या पुष्पाबाईला हाक मारली. पुष्पाबाईकडं म्हशी होत्या.

"काऊन व गुलनार, एवढं दूध? पावणे जेवाले आले का आंघोळीले?"

"दे व बाई आधी. मंग हास."

दूध आलं, साखर पडली, वेलची कुटली गेली. फकीरभाई तोंड लांब करून गिचक्याची खीर घोटू लागला. इकडं महनूरनं फळीवरची पोटली काढली अन् लहान पातेल्यात चिन्नोर शिजत घातला. थोड्या वेळानं अंगणभर वास सुटला. पुष्पाबाईनं भिंतीवरून परत मान काढली. फकीरभाईनं दोनदा नाक ओढलं, अन् कोणी पाहत नाही असं वाटून तिसऱ्यांदाही ओढलं.

"बिघडलेलाच हाये ना हाही?" त्यानं विचारलं.

"वासापुरता," महनूर म्हणाली.

जेवणं झाली. अनसनं रस्सा-सालन अन् चिन्नोरचा भात खाल्ला. खीर मात्र परत मागितली. अन् मग परत. पोराला टोचायला लांब भात केला होता, अन् पोरगं तोच चाटूनपुसून खात होतं.

एवढ्यात खोलीतून झेबा वाटी घेऊन दाराशी आली.

"फकीरभाई, खीर अशी घट्ट साधली कशी? आमच्या इकडं तांदूळ सुटासुटाच राह्यते, दूध वेगळं, दाणा वेगळा."

"तांदूळ पाहून घ्या लागते, बाजी," फकीरभाई तिला बहीण मानून म्हणाला. "म्या मुद्दाम हाच आणला. खिरीसाठीच."

गुलनारनं पदर तोंडाला लावला. पण फकीरभाईचं तिकडं लक्ष नव्हतं. तो झेबाकडं पाहत होता. कफगीर चौकटीला परत टेकलेला होता, झेबा त्याच्या शेजारी उभी होती, अन् कफगीर तिच्या कपाळापर्यंत येत होता. चौकटीतून बाहेर यायला तिनं मान वाकवली.

"हे तुमचंच पोरगं?" त्यानं विचारलं.

"हाव. वडलांवर गेला. ते ठेंगणेच होते."

फकीरभाई पिप्यावर बसला. त्याच्या डोक्यात काहीतरी भराभर जुळत होतं. त्यानं अनसकडं पाहिलं, गुलनारकडं पाहिलं, महनूरकडं पाहिलं, अन् मांडीवर हात मारला.

"लपून हाये! याच्या आत मायची लांबी लपून हाये. माह्या पोरीच्या आत गुलनारची. दोन्हीकडून आली का निंगालीच! झेबाबाजी, हे शास्त्र हाये. तुमाले नाई कळाचं, बासमतीचा अभ्यास लागते त्याले."

महनूरचं तोंड उघडलं. "अब्बा, ते तांदळाचं. माणसाची उंची एका जनुकावर नसते, शेकडो जनुकं..."

गुलनारनं तिच्या पायावर पाय दिला. उंच बाईचा पाय तो, मजबूत होता. अनसही शास्त्र शिकलेला. तो खाली मान घालून वाटीतली खीर चाटत राहिला.

"काय म्हंते ती?" फकीरभाईनं विचारलं.

"तुमचं बरोबर हाये म्हंते," गुलनार म्हणाली.

"तं मंग! रमजानच्या आधी उरकू. पुलाव मीच करन."

झेबानं खिरीनं गोड झालेलं तोंड परत खिरीनंच गोड केलं. अनस उठून सलाम करायला वाकला, तर फकीरभाईनं त्याला उभं केलं, अन् पहिल्यांदाच कोण्या बाहेरच्या माणसाच्या डोळ्यात मान वर न करता पाहिलं. हे काही वाईट वाटलं नाही त्याला.

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी बीबीला उत्तमरावच्या घरचं लग्न होतं, तांदूळ आजच पाहून ठेवायचा होता. फकीरभाईनं जुन्या पोत्यातली मूठ काढली. एक दाणा नखावर धरला, लांबी पाहिली, अन् तरीही ती मूठ शिजवून पाहायला पातेल्यात टाकून चुलीवर चढवली. मग पिपा ओढला, त्यावर चढला, अन् देगीच्या बुडाला चिकटलेली खीर कफगिरानं खरवडू लागला.