बायांच्या पंगतीतलं पनीर

पनीर हातात आलं की आमच्या मोठ्या सिस्टर आधी त्यावर अंगठा दाबायच्या, मग नाकाशी न्यायच्या आणि मगच तुकडा तोंडात टाकायच्या. समोर दुकानदार असो की यजमान, त्याला काय वाटेल याची फिकीर नाही. "खाऊन मी राहिले, तर मलाच पाह्यचं हाय," म्हणायच्या.

वारंगा फाट्याजवळच्या आरोग्य केंद्रात आम्ही दोघींनी बरोबर काम केलं. मी नवी नर्स, त्या मुरलेल्या. आज त्यांचा विषय निघाला की लोक हसून म्हणतात, खाण्याच्या फार शौकीन होत्या हो. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बाप्या माणूस मटणावर तासभर बोलला तर तो दर्दी, आणि बाईने पनीर कसं आवडतं एवढं सांगितलं की तिच्या जिभेचे चोचले. तुम्हीही हे ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल.

त्यांच्या आवडी ठाम होत्या. पनीर शक्यतो कच्चंच, वर मीठ आणि मिरपूड. भाजीतलं चालेल, पण तुकडा मोठा हवा. ढाब्यावर भाजलेलं पनीर आलं की म्हणायच्या, "चांगलं दूध जाळून टाकलं." चीजची वडी मिळाली तर ती किसून ठेवायच्या. गरम ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा उचलायचा, आत कीस भरायचा, वर ठेचा, आणि पापुद्रा मिटवून त्यावर जरा वेळ तळहात ठेवायचा. मी खाऊन पाहिलंय, दुसरं काही नको वाटतं. पिझ्झावरचं तार सुटणारं चीज मात्र त्यांना पटत नसे. "हे खावं का गुंडाळावं?"

केंद्रात लसींचा फ्रिज होता, पण त्यात त्यांनी स्वतःची वडी कधी ठेवली नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायच्या. एकदा त्या फ्रिजमध्ये डॉक्टरांची सरबताची बाटली सापडली. सिस्टरांनी ती उचलून बाहेर उन्हात नेऊन ठेवली. डॉक्टरांनी दुपारी ती गरम बाटली मुकाट्याने घरी नेली.

त्यांच्या भावाच्या मुलाचं लग्न कनेरगाव नाक्याला होतं. सिस्टर मलाही घेऊन गेल्या. पंगतीला पनीरची भाजी आहे हे भावाने येईल त्याला सांगितलं होतं. आपल्याकडच्या पंगती तुम्हाला माहीत आहेत. आधी पाहुणे बाप्ये, मग गावातले बाप्ये, आणि पहाटेपासून राबलेल्या बाया सगळ्यांत शेवटी. आम्ही बसलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वाढपी बादली घेऊन आला आणि त्याने पत्रावळीवर लाल तेलकट रस्सा ओतला. पनीरचा तुकडा औषधालाही नव्हता.

"पनीर कुठं हाय?" सिस्टरांनी विचारलं.

"संपलं की, मावशी. रस्सा लई चांगला झाला."

सिस्टर उठल्या आणि थेट चुलाणाकडे गेल्या. तिथे एक पातेलं झाकून ठेवलं होतं, उशिरा येणाऱ्या पुढाऱ्यांसाठी. त्यांनी झाकण काढलं, बादली भरली आणि बायांच्या पंगतीत स्वतः वाढायला लागल्या. पहिल्यांदा वहिनीकडे गेल्या. ती नवरदेवाची आई, तरी शेवटच्या पंगतीत कोपऱ्यात बसली होती.

तेवढ्यात भाऊ धावत आला. "काहून इज्जत घालवून राहिली? बायांचं रश्श्यावर भागत न्हाई का?"

"त्यांना इचारलं का कधी?"

भाऊ वहिनीकडे नुसता बघत उभा राहिला. वहिनीने पत्रावळीवर हात आडवा धरला. "नको वन्सं. मला आवडत न्हाई पनीर."

सिस्टरांनी पुढच्या बाईला वाढलं, तिच्या पुढच्या बाईला वाढलं, बादली रिकामी होईपर्यंत वाढलं. भावाने सगळ्यांदेखत सांगितलं, "यापुढं हे घर तुला बंद." दोन तुकड्यांसाठी माहेर गेलं असं लोक अजून म्हणतात. माहेर कोणी तोडलं ते कोणी म्हणत नाही. राखीच्या दिवशी सिस्टर मुद्दाम ड्युटी मागून घ्यायच्या, आणि त्या दिवशी त्यांच्याशी बोलायची सोय नसायची.

गेल्या वर्षी सिस्टर गेल्या. झोपेतच. भाऊ मातीला आला, सगळ्यांच्या पुढे उभा राहिला, रडला. मला त्याच्या रडण्याचाही संताप आला.

नंतर एका दुपारी वहिनी केंद्रावर आली. आखाडा बाळापूरला माहेरी निघाली होती, पण तिथे न उतरता पुढे फाट्यापर्यंत आली. माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "वन्सं पनीर कसं खायच्या, मला दाखव."

मी समोरच्या डेअरीतून पनीर आणलं. मीठ, मिरपूड लावून तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने डोळे मिटून तो पुष्कळ वेळ चावला.

"न्हाई आवडलं," ती म्हणाली. मग जरा हसली. "म्हंजे तवा मी खोटं न्हाई बोलले. पण मला ठाऊकच नव्हतं, खाल्लंच नव्हतं कधी."

"मग काय आवडतं तुम्हाला, वहिनी?"

"ह्यांना भरलं वांगं लागतं. थोरल्याला वरण. सुनेला आंबट काही बी."

"त्यांचं नाही विचारलं. तुमचं."

मी तिला बसपर्यंत सोडायला गेले, तरी ती विचारच करत होती. इतक्या वर्षांत त्या घरात एकानेही हिला हे विचारलं नसेल, या विचाराने माझ्या अंगाची लाही होत होती. ती गाडीत चढली, खिडकीशी बसली. गाडी हलली तेव्हा तिने डोकं बाहेर काढलं.

"आठवलं की सांगते, बाई."