शिवेवर थांबलेला गाडा

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, त्या उन्हाळ्यात आमच्या गावात पटकी शिरली. पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी विहिरीवर पाणी शेंदणारी बाई संध्याकाळी असेलच, याची खात्री नव्हती. रोज कुणाच्या तरी दारात रडणं उठायचं.

माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मालक पलटणीतून रजेवर आले आणि नेमके तेच आजारी पडले. घरात तिसरे फक्त माझे सासरे. गावच्या मरीआईची पूजा त्यांच्याकडे होती. मी त्यांना मामा म्हणायची.

साथ आली की देवीचा गाडा काढायची रीत होती. लहानशा लाकडी गाड्यात हिरवं लुगडं, लिंबं, नैवेद्य ठेवायचा आणि हलगी वाजवत तो शेजारच्या गावच्या हद्दीत सोडून यायचा. गाड्याबरोबर रोगही जातो, असं सगळे मानायचे. दोरी धरून पुढं चालायचं काम पुजाऱ्याचं. पाटील येऊन सांगून गेले, "आज दुपारी गाडा काढायचा."

मामा लेकाच्या उशाशी बसून होते. यांचे डोळे खोल गेलेले, हातपाय गार. मला राहवलं नाही.

"आवं मामा, इतकी वर्सं तिची सेवा केली तुमी. मग सांगा की तिला, माझं लेकरू राख म्हून."

"सेवा केली म्हून हक्क सांगू व्हय, पोरी? तिनं पायाशी बसू दिलं, त्येच लय झालं."

एवढंच बोलून ते उठले. मला त्यांचा भयंकर राग आला.

आमचं घर गावाच्या टोकाला. शिवेचा ओढा दारातून दिसायचा. दुपारी हलगी ओढ्याच्या दिशेनं गेली आणि एकदम थांबली. मग आरडाओरडा ऐकू आला. शेजारच्या काकूंना यांच्याजवळ बसवून मी पळत सुटले.

ओढा कोरडा होता. पलीकडच्या काठावर त्या गावची माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन उभी होती. "गाडा हिकडं आला तर मुडदं पडतील," त्यांच्यातला एक जण ओरडत होता. आमच्याकडच्यांच्या हातातही कोयते होते. मधे वाळूत मामा, हातात गाड्याची दोरी. कुणीतरी दगड भिरकावला. तो कुणाचा, कळलं नाही, पण दोन्हीकडची माणसं पुढं सरकली.

मामांनी दोरी खाली टाकली.

"गाडा फुडं जायाचा न्हाई," ते म्हणाले.

पाटील धावून आले. "म्हातारबा, गावावर मरान ठेवतोस व्हय?"

"आई म्हनता तिला. मग पलीकडची लेकरं कुनाची? तिच्या नावानं त्यांच्या दारात मरान सोडायचं? माझ्यानं व्हनार न्हाई. माझं पोरगं घरात पडलंय. न्यायचं आसंल तर तिनं त्याला न्यावं."

आमच्यातल्याच एका पोरानं काठी उगारली. मामांनी त्याला हात जोडले आणि चाकापुढं वाळूत पालथे पडले. "माझ्या अंगावरनं न्या, बाबांनू."

कुणी हललं नाही. हलगीवाल्यानं हलगी काखेत मारली नि मागं वळला. मग एकेक जण निघाला. पाटील सर्वांत शेवटी गेले. मामांनी गाडा एकट्यानं फिरवला. मी मागून हात लावला. आम्ही तो देवळापाशी आणला. तिथं त्यांनी गाभाऱ्याच्या पायरीवर कपाळ टेकलं आणि लहान पोरासारखे हमसून हमसून रडले.

पुढचे काही दिवस सगळं गाव आमच्या दाराकडे बघत होतं. साताऱ्याहून डॉक्टर आले, विहिरीत लाल औषध टाकलं, यांना मिठाचं पाणी पाजत राहायला सांगितलं. हे वाचले. पण पाटलांचा धाकटा मुलगा गेला.

"ह्यानं गाडा आडवला, म्हून माझं पोरगं गेलं," पाटील चारचौघांत म्हणाले. आमच्याशी बोलणं बंद झालं. तरी मामा रोज पूजा झाली की अंगारा घेऊन पाटलांच्या दारात जायचे. दार बंदच असायचं. उंबऱ्याला हात लावून परत यायचे. मी चिडून विचारलं, "तुमचा काय गुन्हा? कशापायी रोज जाता?"

"त्यांचं पोरगं गेलं, माझं ऱ्हायलं. माझ्यात आसं काय चांगलं हुतं, पोरी? त्येच कळंना, म्हून जातो."

दुसऱ्या दिवसापासून देऊळ झाडायला मी जाऊ लागले. झाडताना आधी देवीकडे कितीतरी मागायची. हळूहळू मागणं कमी होत गेलं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी पाटलीणबाईंनी दार उघडलं. मामांच्या तळहातावरचा अंगारा चिमटीत घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "आत या." पाटील सोप्यात बसले होते. मामा त्यांच्यापासून जरा लांब, जमिनीवर टेकले. पाटलांनी मान वर केली नाही, पण उठूनही गेले नाहीत.