महिनाभर थांबलेला मातीचा डबा

प्रा. व्यंकटरावांची आणि माझी ओळख माझ्या चुकीतून झाली. एसटीडी बूथ गल्लोगल्ली निघू लागले त्या वर्षांत मी तंजावरहून एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. सर भौतिकशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात मोपेडवरून गावोगावची माती आणून तिच्यातला नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजत. पृथ्वीचा गुण गंध, एवढेच मी संस्कृत पाठशाळेत न्यायशास्त्रात शिकलो होतो. तिच्यातून किरणही निघतात हे ऐकून मी हरखून गेलो आणि सरांच्या वहीतला एक न तपासलेला आकडा छापून मोकळा झालो.

आकडा पापनाशमजवळच्या राजगोपाल नावाच्या शेतकऱ्याच्या मातीचा होता, नेहमीपेक्षा बराच चढा. आठवड्याच्या आत त्यांच्या मुलीचे तिरुवैयारुला ठरलेले लग्न अडले. "विषारी मातीतली मुलगी नको," असा वरपक्षाचा निरोप आला.

मी क्षमा मागायला गेलो. "आलात? बरं झालं. पिशवी धरा," म्हणत सरांनी मला मोपेडवर मागे बसवले आणि थेट त्या शेतावर नेले. सरांनी सोबत आणलेल्या मोजणीच्या आलेखात, किरण सोडणाऱ्या घटकांपैकी एकट्या पोटॅशियमची रेघ उंच होती. युरेनियम, थोरियम नेहमीसारखे. सरांनी विचारले, "माती देण्याआधी तिच्यात काही घातलंत?"

"पोटॅश खत, सार. चांगलं दोन मुठी!" राजगोपाल अभिमानाने म्हणाले. "माती तपासणार म्हणालात. परीक्षेला निघालेल्या पोराला आम्ही उपाशी पाठवत नाही."

सरांनी आता स्वतः खणून माती घेतली. वाळवली, चाळली, डब्यात सीलबंद केली. मातीतून निघणारा वायू डब्यात साठून स्थिरावायला महिना लागतो. राजगोपाल रोज बूथवरून विनवत, "ठीक आहे एवढं तरी म्हणा, सार!" सरांचे उत्तर ठरलेले: "मोजल्यावर म्हणेन." मीही गळ घातली, तेव्हा सर म्हणाले, "एक आकडा तुम्ही घाईने छापलात, दुसरा मी घाईने सांगू?"

महिन्याने आकडा आला, आसपासच्या गावांइतकाच. सर स्वतः तिरुवैयारुला गेले. "किरण नाहीतच म्हणा," असे राजगोपालांनी बजावले होते. सर वरपित्यांना म्हणाले, "किरण आहेत. तुमच्या अंगणातही असतील. हवं तर मोजतो. आजाराची भीती घालावी इतके मात्र राजगोपालांच्या मातीत नाहीत." वरपित्यांनी आपल्या अंगणाकडे पाहिले आणि आत हाक मारली. मग आतून कॉफी आली.

लग्नाची पत्रिका सरांच्या वहीत त्या आकड्याशेजारी चिकटवलेली आहे. बातमी कुणी छापली, हे मात्र सरांनी त्या मांडवात कुणालाही कळू दिले नाही.

आज सर साठ वर्षांचे होत आहेत. ते निरोगी राहून शंभरी गाठतील, असे मी या गौरवलेखात छापून टाकतो. हा आकडाही न तपासलेलाच आहे. तो सरांनी स्वतः, मुळीच घाई न करता, तपासून पाहावा.