वादीतलं सोनं

ओमानमध्ये अल हैलला आमची आणि शलाका-नितीनची घरं शेजारी. दर शुक्रवारी डबे भरून दोन्ही कुटुंबं कुठेतरी भटकायला जातो. गाडीच्या डिकीत वाळू साठते तसे किस्सेही साठतात. झटकले तरी कोपऱ्यात उरतातच. आज सांगते ते सगळे एकाच खुळाचे.

माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, एका व्हिडिओत कुणीतरी नदीची वाळू धुऊन सोनं काढताना पाहिलं. झालं! आपणही वादीत, म्हणजे इथल्या डोंगरातल्या ओढ्यात, जाऊन सोनं काढायचं, असं त्याने जाहीर केलं.

*

आधी घरी सराव. मिलिंदने बाथरूममध्ये बादलीभर वाळू आणली. सराव खऱ्या सोन्यावरच हवा, म्हणून माझ्या कानातल्याची फिरकी त्यात मिसळली आणि ताट हलवत धुवायला बसला. वाळू गेली. फिरकीही गेली.

पाईप उघडायला आलेल्या प्लंबरने हिंदीत विचारलं, एवढी वाळू कुठून आली? सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "कुछ नहीं, हमारे इधर सोने का खाण निकला है."

फिरकी काही सापडली नाही.

*

ताट उथळ पडलं, तेव्हा परात हवी असं ठरलं. शलाकाकडे तिच्या आईने दिलेली पितळी परात होती, मोदकांची उकड मळायची. नितीन नोकरीला दूर दुक्मला असतो, सुट्टीत घरी येतो. घरात काय कुणाला द्यायचं नसतं हे त्याला ठाऊक नाही. तो लगेच हो म्हणाला.

निघताना शलाकाने पुढच्या सीटवर परात ठेवली, तिला बेल्ट लावला आणि नितीनला मागे बसवलं.

*

वादीत पोचताच आमच्या रेवाला चकचकीत कण सापडले. तिने बाटलीभर गोळा केले. सासूबाईंनी बघून सांगितलं, "अगं, हे अभ्रक."

रेवाचं मराठी शाळेतल्या इंग्लिशखाली दबलेलं. तिने विचारलं, "आजी, अभ्रक किती कॅरेटचं असतं?"

पोरीचा चेहरा बघून सासूबाई म्हणाल्या, "चोवीस."

*

दुपारी एक म्हातारे ओमानी बाबा पिकअप थांबवून खाली उतरले. आम्ही सगळे गुडघाभर पाण्यात, आणि सासूबाई ऊन लागल्यामुळे दगडावर डोकं धरून बसलेल्या. बाबांनी खुणेने काय झालं विचारलं. मिलिंदला सोन्याचा अरबी शब्द येत होता, तेवढाच. पाण्याकडे बोट करून तो म्हणाला, "दहब."

बाबांनी सासूबाईंकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. बिचारीचा दागिना पाण्यात पडलाय!

त्यांनी फोन लावला. थोड्याच वेळात त्यांची बायको, मुलगा सालेम आणि अर्धं गाव हजर. मिलिंद "नो, नो" म्हणत होता. ते त्याला धीर देत होते. सगळे पाण्यात उतरले. बाबा तर एकेक दगड उलटा करत होते. आम्हाला लाजेने मान वर करवेना, म्हणून आम्हीही मान खाली घालून शोधत राहिलो.

आणि एका कपारीतून बाबांनी खरंच सोन्याची अंगठी काढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी ती सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "अहो, ही माझी नाही." बाबांना वाटलं, आभार मानतायत. त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात त्यांची बायको पुढे आली. तिने अंगठी उचलली, उलटसुलट करून पाहिली, मग नवऱ्याकडे पाहत हळू आवाजात काहीतरी बोलली. सगळं गाव बाबांकडे बघायला लागलं.

सालेमला हिंदी येतं, हे आम्हाला अगदी शेवटी कळलं. मी त्याला विचारलं, काय म्हणाल्या?

तो खाली बघत म्हणाला, "अम्मा बोलती है, ये मेरी अंगूठी है. शादी के साल यहीं गिरी थी. तब बाबा ने बोला था, छोड़ो, पानी में गया सोना ढूँढने से नहीं मिलता."

बाबांनी अंगातला लांब दिशदाशा झटकला. "यल्ला," ते म्हणाले. सालेमने सांगितलं, चला म्हणतायत, शेळ्यांकडे बघायला हवं.

आसपास एकही शेळी नव्हती.