भंगारवाला येईपर्यंत

दसऱ्याच्या सकाळी मी आमच्या म्हाताऱ्या जपानी गाडीला आंघोळ घातली. नुसती वरून नव्हे, बॉनेट उघडून इंजिनालाही, पाइप लावून. पूजा करायची आणि आत मळ ठेवायचा, हे मला पटत नाही. न्यूझीलंडच्या या अप्पर हट गावात झेंडू कुठला मिळायला, म्हणून कुंपणाजवळच्या कोव्हाईच्या झाडाची पिवळी फुलं ओवून बॉनेटवर बांधली. हळदकुंकू झालं, नारळ फुटला आणि रिवाजाप्रमाणे एक चक्कर मारायला मी किल्ली फिरवली.

इंजिन गरगर फिरलं. पेटलं मात्र नाही.

वेलिंग्टनहून माझा मेव्हणा आला होता, नव्याकोऱ्या गाडीतून. "दाजी, तुम्ही पूजा नाही, उत्तरपूजा केलीत," असं म्हणून त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि जुन्या गाड्या उचलून नेणाऱ्या भंगारवाल्याला फोन लावला. "जेवायच्या सुमारास येतोय."

"तुला कुणी सांगितलं?"

"ताईनं."

ताई, म्हणजे आमची ही, दारातूनच म्हणाली, "अहो, दर हिवाळ्यात तिच्यामागे धावताय. तो येईपर्यंत सुरू झाली तर राहू दे. नाहीतर जाऊ दे."

जाऊ दे म्हणे! या देशात माझी पदवी कुणी वाचायच्या आधी याच गाडीतून मी घरोघर पिझ्झे पोचवलेत. ती भंगारात जाणार नव्हती.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्यात काही बिघडलं की बंद करून पुन्हा सुरू करतात. तो उपाय मी मनापासून, बराच वेळ केला. मग नाइलाजानं विचार करू लागलो. स्टार्टर जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी ठीक. पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे तेही पोचतंय. उरली ठिणगी. एक प्लग काढला, वायरीला जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि हिला हाक मारली.

"हात कणकेचे आहेत."

"असू देत. किल्ली फिरव."

ठिणगी नाही. ती सगळ्या प्लगांना वाटून देणारं एक काळं टोपण असतं, डिस्ट्रिब्युटरचं. ते उघडलं, तर आतून थेंब ओघळले. सकाळच्या आंघोळीचे.

"म्हणजे तुम्हीच बुडवलीत!" मेव्हणा खिदळला.

"हो, मीच. आणि वर काढणारही मीच."

लेकीचा हेअर ड्रायर लांब वायर जोडून अंगणात आणला. "बाबा, दॅट्स माइन!" असं ती खिडकीतून ओरडली. मी टोपण वाळवत राहिलो, फडक्यानं टिपत राहिलो. तेवढ्यात ट्रक आलाच. ड्रायव्हर उतरला, "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार केला आणि फुलं बघून त्यानं विचारलं, आज हिचं लग्न आहे का? मी त्याला हातानंच थांबवलं, टोपण बसवलं, प्लग घट्ट केला.

किल्ली. गरगर. गरगर. एक खोकला, आणि मग ती अशी गरजली की मेव्हणा दोन पावलं मागे सरकला. धूर थेट त्याच्या नव्या सदऱ्यावर.

"स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', असं म्हणत ट्रकवाला हसत निघून गेला.

ही कणकेच्या हातांनीच माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "चला, चक्कर राहिलीय." मागे मेव्हण्याची गाडी आडवी उभी होती. मी काच खाली केली आणि हॉर्न दिला, गरजेपेक्षा बराच लांब.

"ए, काढ तुझं खेळणं. आम्हाला जायचंय."